बांध कोरू नका

माणूस ठणठणीत असला की आमच्याकडं म्हणतात, त्याच्या नखातसुद्धा रोग नाही. हे ज्यानं पहिल्यांदा म्हटलं त्याला रोग शोधताना नखापर्यंत जायची वेळ आली नसावी. माझंच बघा. बीपी नाही, शुगर नाही, गुडघे शाबूत, पन्नाशी जवळ आली तरी चष्म्याचा नंबर जिथल्या तिथं. माझा जो काही रोग आहे तो सगळा नखात आहे. उजव्या पायाच्या अंगठ्याच्या नखात, शेजारच्या बोटाकडच्या कोपऱ्यात, ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत.

ही गोष्ट जाहीर झाली ती एका सोमवारी सकाळी, शाळेच्या पटांगणात. मी बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर आहे. प्रार्थना झाली, मुलं रांगेनं वर्गाकडं निघाली आणि चौथीतल्या एका पैलवानानं माझ्या अंगठ्यावर पाय दिला. सगळा पाय नाही, नुसती टाच टेकवली. मी जो स्वर लावला तो ऐकून पहिलीची पोरं पुन्हा ‘सावधान’मध्ये उभी राहिली. पैलवान म्हणाला, "सर, मी न्हाई, ह्यानं ढकललं." त्यानं कुणी ढकललं ते मागच्याकडं बोट करून सांगितलं, मागच्यानं त्याच्या मागच्याकडं. चौकशी बालवाडीपर्यंत गेली आणि तिथं थांबली.

ऑफिसात मुख्याध्यापकांनी विचारलं, "कामून लंगडायलाव, सर?"

"नख रुतलंय."

बीड जिल्ह्यात हे वाक्य मोठ्यानं बोलू नये. पाणी, रस्ता, बदली या विषयांवर माणसं थोडा विचार करून बोलतात. दुखण्यावर मात्र इलाज आधी येतो आणि दुखणं काय ते नंतर विचारलं जातं. एकानं हळद आणि तूप सांगितलं. दुसऱ्यानं चुना आणि गूळ. तिसऱ्यानं तुरटीचं पाणी. एका सरांनी सांगितलं की नखाच्या बरोबर मधोमध व्ही आकाराची खाच पाडा, म्हणजे नख खाच भरून काढायला मधे सरकतं आणि कडा आपोआप सुटतात. हे त्यांनी फळ्यावर आकृती काढून पटवलं. ते गणिताचे असल्यामुळं कुणी शंका घेतली नाही. मुख्याध्यापक म्हणाले, "इलाज कोणता बी करा, पण रजेचा अर्ज आधी द्या."

घरी आत्यानं हे सगळं रद्द केलं आणि लिंबू आणलं. नखुरडं झालं की बोटाला लिंबू अडकवायचं, हा तिचा पिढीजात इलाज. हाताच्या बोटाला तो शोभतो. पायाच्या अंगठ्याला लिंबू अडकवून मोटारसायकलवरून केजला जाणं ही वेगळी गोष्ट आहे. चौकातल्या चहावाल्यानं गाडीकडं पाहिलं, मग पायाकडं पाहिलं आणि विचारलं, "नवी घेतली का गाडी?"

"जुनीच हाय."

"मग लिंबू?"

"ते अंगठ्याचं हाय."

तो थोडा वेळ विचारात पडला आणि म्हणाला, "मिरच्या राहिल्या की वं सर."

रात्री हाल सुरू व्हायचे. दिवसा माणूस चालतो, बोलतो, अंगठा विसरतो. रात्री गोधडीची एक घडी अंगठ्यावरून सरकली तरी ब्रह्मांड आठवायचं. कोपऱ्याची कातडी लाल होऊन टम्म फुगली होती, तिच्यावर मांसाचा एक ओला दाणा आला होता, आणि त्या फुगवट्याखाली नखाची कड दिसेनाशी झाली होती. मी पाय गोधडीबाहेर काढून झोपू लागलो. बायको म्हणाली, "पाय बाहीर, तोंड आत. लोकं उलटं झोपतात."

आता हे झालं कसं? कबुलीजबाब द्यावा लागेल, आणि त्याची सुरुवात वारांपासून होते.

आमच्या घरात नखं कापायला वार लागतो. सोमवार परळीच्या वैजनाथाचा, त्या दिवशी नाही. मंगळवार अंबाजोगाईच्या योगेश्वरीचा. गुरुवार दत्ताचा. शुक्रवारी नखं कापली तर लक्ष्मी जाते. ती आलेली मी पाहिली नाही, पण जाईल म्हणून कापायची नाहीत. शनिवार मारुतीचा, आणि शिवाय आमच्या जिल्ह्यात गेवराई तालुक्यात राक्षसभुवनला गोदाकाठी खुद्द शनिदेव बसलेले. राक्षसभुवनला १७६३ साली माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेला पाणी पाजलं, पण शनिवारी नख कापायची हिंमत त्या गावच्या पंचक्रोशीत अजून कुणाला झालेली नाही, असं आत्याचं म्हणणं. रविवार खंडोबाचा. उरला बुधवार. तो पांडुरंगाचा, पण आत्या त्याला सवलत देते. देव विटेवर उभा आहे, पायाचं दुःख त्याला कळतं. मात्र त्या बुधवारी एकादशी नको, अमावास्या नको, घरात कुणाचा जन्मवार नको, आणि दिवेलागण झालेली नको. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कापलेल्या नखाचा एकही तुकडा घरात राहायला नको. राहिला की भांडण झालंच.

चरकसंहितेत पंधरवड्यातून तीनदा केस आणि नखं कापावीत असं सांगितलं आहे. चरकाचार्यांना आमची आत्या भेटली नव्हती.

असा मुहूर्त महिना-दोन महिन्यांतून एकदा लागणार. मग नेलकटर शोधायचा. घरातला नेलकटर गरज नसताना देव्हाऱ्याखाली, दोऱ्याच्या रिळांत, शिक्क्यांच्या डब्यात, सगळीकडं दिसतो आणि बुधवारी कुठंच नसतो. सापडला नाही तर अर्धं ब्लेड. इतक्या कष्टानं जमवलेला योग वाया घालवायचा नाही म्हणून मी नखं मुळापासून कापायचो. पुढच्या महिन्याचंही आगाऊ कापून घ्यायचो. ऊसतोडीला जाणारे मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतात ना, तशी मी नखाकडून उचल घेत होतो. उचल घेताना गोड वाटते. फेडायचा हंगाम नंतर येतो.

आणि कोपरे! नखाचा मधला भाग कापण्यात काही कला नाही. खरी मजा कोपऱ्यात आहे. नेलकटरचं टोक तिरकं करायचं, कातडीच्या कडेला आत घुसवायचं आणि ‘कट्ट’ आवाज झाला की कोपऱ्यातला तो चंद्रकोरीसारखा तुकडा ओढून काढायचा. ओढताना थोडं दुखतं आणि बरंही वाटतं. सुटला नाही तर चिमटीत धरून फाडायचा. नख छान गोल दिसतं, हाताच्या नखासारखं. जत्रेला जायच्या आदल्या दिवशी बैलाची शिंगं साळावीत तसा मी माझा अंगठा साळत आलो.

आमच्या लहानपणी हे काम आमच्याकडं नव्हतंच. गावचे न्हावी वारीकमामा धोकटी घेऊन लिंबाखाली बसायचे. वाटीतल्या पाण्यानं बोटं भिजवायची, पाय स्वतःच्या मांडीवर घ्यायचा आणि नराणीनं नख काढायचं. नराणी म्हणजे हातभर नव्हे, बोटभर लोखंडी पट्टी, टोकाला सपाट धार. सपाट धारेनं नख सपाटच निघतं. त्या हत्याराला कोपऱ्यात शिरायची अक्कलच नव्हती, आणि मामांना होती तरी ते शिरत नसत. मी एकदा म्हटलं, मामा, कोपरा राहिला. ते म्हणाले, "राहू दी. कोपरा राहिला तर नख राहतंय." मला वाटलं, काम टाळतायत. सुश्रुतसंहितेत शस्त्रक्रियेची वीस शस्त्रं सांगितली आहेत, त्यांत एक नखशस्त्र आहे. म्हणजे हा विषय शल्यवैद्याच्या पंक्तीला बसणारा. आणि आम्ही तो चावीच्या गुच्छाला लटकणाऱ्या खेळण्याच्या हवाली केला. आता गावात एसीवालं सलून आहे. तिथं डोक्याची मालिश होते, चेहऱ्याला लेप लागतो, फिरत्या खुर्चीत माणूस गरगर फिरतो. पण तुमचा पाय स्वतःच्या मांडीवर घेईल असा माणूस तिथं मिळत नाही.

तर अंगठा पंधरा दिवस दुखल्यावर मी अंबाजोगाई गाठली. अंबाजोगाईला १९७४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळं गावात डॉक्टरांना तोटा नाही. अशाच एका शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांसमोर मी अंगठा मांडला. त्यांनी लिंबाचा वास ओळखला. काही बोलले नाहीत. एकच प्रश्न विचारला.

"नखं गोल कापता का सरळ?"

"गोल," मी जरा अभिमानानंच सांगितलं.

"आणि कोपरे?"

"ते तर एकदम साफ करतो."

डॉक्टरांनी केसपेपर उलटा केला. याच गावात संतकवी दासोपंतांनी भल्यामोठ्या पासोडीवर पंचीकरण लिहून काढलं. माझं तत्त्वज्ञान केसपेपरच्या मागच्या बाजूला मावलं. डॉक्टरांनी त्यावर एक नख काढलं, दोन्ही बाजूंना कातडीच्या दोन भिंती काढल्या. म्हणाले, "नख या दोन कडांच्या मधून पुढं सरकत असतं. तुम्ही कोपरा खोल कापला की तिथं जागा रिकामी होते. कडेची कातडी त्या जागेवर सरकते. शिवाय तुम्हाला वाटतं कोपरा निघाला, पण तळाशी एक बारीक कुसळ राहिलेलं असतं. नख वाढत पुढं येतं, तर त्याच्या वाटेत कातडी बसलेली. मग ते कुसळ मांसात घुसतं. वरून घट्ट बूट, पायाला घाम. झालं."

मी केसपेपरकडं पाहत राहिलो. ती आकृती मी आधी पाहिली होती. थेट अशीच. मोजणीच्या नकाशात.

ज्यांना शेत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन शेतांच्या मधे मातीची एक पट्टी असते, तिला बांध म्हणतात. त्याच्यावर गवत, एखादी बोर, एखादं सीताफळ. आमच्या बालाघाटाच्या सीताफळांना भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यातली निम्मी बांधावरच पिकली असतील. बांध कुणाचा? दोघांचा. म्हणून दोघंही नांगरताना त्याच्याकडं एक तास जास्त घालतात. एकच तास, वीतभर. दर वर्षी. याला बांध कोरणं म्हणतात. बांध एका बाजूनं कोरला की उरलेली माती रिकाम्या जागेकडं ढासळते आणि ज्यानं कोरला तोच ओरडतो की शेजाऱ्यानं अतिक्रमण केलं. माझं आणि माझ्या चुलतभावाचं यावरून नऊ वर्षं बोलणं नाही. घर एकच, ओसरी एकच, पण वाटणीत ओसरीवरून शहाबादी फरशीची एक रेघ गेली. रेघेच्या अलीकडं मी, पलीकडं तो.

"म्हणजे कातडीनं अतिक्रमण केलं," मी डॉक्टरांना म्हटलं.

"कातडीनं केलं. पण जागा मोकळी कुणी केली?"

मी गप्प बसलो. भूकरमापकानं शेतात उभं राहून मला हाच प्रश्न विचारला होता. तेव्हाही मी गप्प बसलो होतो, कारण शेत मी बटईनं दिलंय आणि ट्रॅक्टर माझा बटईदार चालवतो.

मी व्ही आकाराच्या खाचेबद्दल विचारलं. डॉक्टर हसले. नख वाढतं ते बुडातून, कातडीच्या आत असलेल्या मुळातून. बाहेर दिसतं ते सगळं निर्जीव. टोकाला तुम्ही खाच पाडा, नक्षी काढा, मुळाला त्याची खबर लागत नाही. हे मला लगेच पटलं. सरकारी योजनांचं असंच असतं. उगम मंत्रालयात, आणि शेवटच्या टोकाला काय चाललंय ते उगमाला माहीत नसतं. दुसऱ्या दिवशी गणिताच्या सरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "पण आकृती बरोबर होती."

"आणि नख पूर्ण नवं यायला किती दिवस लागतात?" मी विचारलं.

"हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. पायाचं त्याच्या निम्मं, दीड मिलिमीटर. अंगठ्याचं अख्खं नख यायला वर्ष ते दीड वर्ष."

दीड वर्ष ऐकून बाहेरचे लोक हळहळतात. बीडच्या माणसाला काही वाटत नाही. अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेला १९९५ साली मंजुरी मिळाली आणि बीडच्या स्टेशनातून अहिल्यानगरकडं पहिली गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. मी तिथंच हिशेब केला. महिन्याला दीड मिलिमीटर, वर्षाला अठरा, तीस वर्षांचे ५४० मिलिमीटर. मंजुरी ऐकून एखाद्यानं अंगठ्याचं नख वाढवायला घेतलं असतं, तर गाडीत बसताना ते हातभर लांब झालं असतं आणि त्याला वेगळं तिकीट काढावं लागलं असतं. ही नुसती कल्पना नाही. पुण्याच्या श्रीधर चिल्लाळ यांनी डाव्या हाताची नखं १९५२ पासून कापली नव्हती. २०१८ साली न्यूयॉर्कमध्ये ती कापली तेव्हा पाच नखांची मिळून लांबी नऊ मीटरच्या वर भरली होती. पण त्यांनी हात निवडला. पाय निवडला असता तर पुण्यातल्या पुण्यात फिरणंही झालं नसतं.

दुखणं नवं असतं तर साध्यावर भागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. कोमट मीठ-पाण्यात दिवसातून दोन-तीनदा पंधरा-वीस मिनिटं पाय बुडवायचा, नख मऊ झालं की कोपऱ्याखाली कापसाची बारीक वात सरकवायची, म्हणजे कड उचललेली राहते. मी म्हटलं, उन्हाळ्यात गावाला टँकर येतो, दिवसातून तीनदा पाय बुडवला तर बायको मलाच बुडवेल. ते पाणी झाडालाही घालता येत नाही, मिठाचं. पण आमचं प्रकरण वातीच्या पुढं गेलं होतं. पट्टी काढावी लागणार होती.

शस्त्रक्रियेचं वर्णन करायचं तर त्यात दुखतं ते फक्त भूल देणं. अंगठ्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी सुई. त्या दोन सुयांना मी कुलदैवताचं नाव घेतलं. बाकी तासाभरात कुणाचंच घ्यावं लागलं नाही. अंगठा लाकडाचा झाला. बुडाशी रबराचा पट्टा आवळला. मग डॉक्टरांनी नखाची एका कडेची पट्टी वरपासून बुडापर्यंत उभी कापली आणि चिमट्यात धरून गोल फिरवत बाहेर ओढली. ती माझ्या डोळ्यांसमोर धरली. लांब, पिवळट, आणि तिच्या खालच्या अंगाला तांदळाच्या कणीएवढं एक टोकदार कुसळ. कुसळाच्या टोकाला रक्ताचा थेंब. एवढ्याशा गोष्टीनं मला पंधरा दिवस गोधडीबाहेर झोपवलं होतं.

"आता मुळाच्या या कडेला फिनॉल लावतो. म्हणजे ही पट्टी पुन्हा उगवणार नाही."

"शाळेचं संडास धुतो ते?"

"ते फिनेल. हे फिनॉल."

"भावकीतलंच वाटतंय."

डॉक्टर म्हणाले, "भावकीतलंच आहे. पण प्रमाणात वापरलं की उपयोगी पडतं." हे ते फिनॉलबद्दल बोलले का भावकीबद्दल, ते मी विचारलं नाही.

जखम दोन-तीन आठवडे पाझरली आणि सुकली. नख आता जरा अरुंद आहे, पण शांत आहे. मी मात्र शांत राहिलो नाही. माळ घातलेला माणूस दुसऱ्याच्या गळ्याकडं पाहतो, तसा मी आता लोकांच्या पायांकडं पाहतो.

पहाटे आमच्या रस्त्यावर पोलीस भरतीची पोरं पळत असतात. बीड जिल्ह्यात हे रोजचं दृश्य; अंधारात नुसता धापांचा आवाज आणि बुटांची थपथप. सोळाशे मीटरसाठी जीव काढतात. एकाच्या पायातले बूट मोठ्या भावाचे, एकाचे धाकट्याचे. धाकट्याचे बूट घालणाराच्या अंगठ्याला हमखास त्रास. मी त्यांना पुलावर थांबवतो आणि सांगतो, बाबांनो, नखं अंघोळीनंतर कापा, मऊ असतात. सरळ कापा, पट्टीनं रेघ मारल्यासारखी. टोकाला पांढरी कड थोडी राहू द्या. कोपरा कातडीच्या वर मोकळा दिसला पाहिजे. टोचतच असला तर कानशीनं हलकं घासा, आत शिरू नका. हातानं ओढून फाडू नका. हाताचा नेलकटर वाकड्या तोंडाचा असतो, पायासाठी सरळ तोंडाचा मोठा मिळतो, तो घ्या. बुटात बोटं हलली पाहिजेत. पोरं आदरानं ऐकतात. थांबल्यानं वेळ वाया गेला म्हणून नंतर जास्त जोरात पळतात.

वडीलधाऱ्यांना वेगळं सांगतो. ज्याला शुगर आहे त्यानं रुतलेल्या नखाशी घरी खेळू नये, लिंबानंही नाही आणि ब्लेडनं तर नाहीच. त्या पायाला दुखणं उशिरा कळतं आणि जखम लवकर चिघळते. सरळ डॉक्टर.

पालकसभेत मात्र मी गप्प असतो. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचे आईबाप दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. सभेला जमिनीवर मांडी घालून बसतात, तेव्हा पाय दिसतात. झिजलेल्या रबरी चपला, उसाच्या बुडख्यांनी फुटलेली नखं, भेगांत बसलेली काळी माती. रुतलेलं नख त्यांच्यात मी क्वचितच पाहिलं. ते बुटात कोंडलेल्या पायाचं दुखणं आहे, आणि या पायांना बूटच नाहीत. त्यांना मी कोणत्या तोंडानं सांगू, की बाई, अंघोळीनंतर निवांत बसून नखं कापत जा?

आता शेवटची गोष्ट. शस्त्रक्रियेला महिना होत आला असेल. संध्याकाळी मी ओसरीवर माझ्या हद्दीत बसून नव्या सरळ नेलकटरनं डाव्या पायाची नखं कापत होतो. फरशीच्या रेघेपलीकडं चुलतभाऊ येऊन बसला. नऊ वर्षांत तो तिथं बसला की मी उठायचो, नाहीतर मी बसलो की तो. त्या दिवशी कुणीच उठलं नाही. बराच वेळ त्यानं माझ्या हाताकडं पाहिलं. मग रेघेकडं पाहत म्हणाला, "अंबाजोगाईचा डॉक्टर लई घेतो का?"

"कामून?"

त्यानं चप्पल काढली. उजवा अंगठा, तोच कोपरा. लाल झालेला, फुगायला नुकती सुरुवात. कोपरा इतका साफ कोरलेला की माझंच काम वाटावं. आम्ही एकाच आजोबांचे नातू.

"अजून वेळ गेली न्हाई," मी म्हणालो. "मीठ-पाण्यात बुडवून ये पाय."

तो गेला आणि वीस मिनिटांनी ओला पाय घेऊन आला. पाणी त्याच्या हद्दीतलं होतं. मी कापसाची बारीक वात वळली, कोपऱ्याखाली हळूच सरकवली. तो दातओठ खात बसला, पण पाय मागं घेतला नाही. मग बाकीची नखं कापायला घेतली. पाय मांडीवर घेतला. रेघ आमच्या मधून गेली होती, त्यामुळं त्याची टाच माझ्याकडं आली आणि गुडघा त्याच्याकडं राहिला.

"कोपऱ्यातलं तेवढं काढ की," तो म्हणाला.

"राहू दे."

"टोचतंय."

"टोचू दे थोडं. कोरलं की सरकतंय."

हे मी नखाबद्दलच बोललो होतो. पण तो एकदम गप्प झाला. मीही झालो. दोघंही अंगठ्याकडं असं पाहत बसलो, की जणू त्यावर सातबारा लिहिलाय.

तेवढ्यात करंगळीचं नख ‘कट्ट’ झालं आणि तुकडा उडाला. कुठं गेला ते दिसलं नाही. दोघांच्याही डोळ्यांसमोर आत्या आली. तुकडा घरात राहिला की भांडण. नऊ वर्षांचं भांडण अंगावर असलेले आम्ही दोन पन्नाशीचे बाप्ये, भांडण होऊ नये म्हणून ओसरीवर रांगू लागलो. दिवे लागले होते. त्यानं मोबाईलची बॅटरी लावली, मी फरशीवरून हात फिरवत गेलो. आतून आवाज आला, "दिवेलागणीला नखं काय कापायलाव रे मुडद्यांनो? आन् आज शनिवार हाय!"

तुकडा सापडला. चुलतभावानं तो चिमटीत धरून बाहेर उकिरड्यावर नेऊन टाकला. तो रेघेच्या कोणत्या बाजूला सापडला, ते आम्ही दोघांनीही आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.